नद्या आडव्या, रूळ उभे

सिंधुदुर्गाचा नकाशा उघडला की निळ्या रेघा बहुतेक आडव्या दिसतात. वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून निघायचे आणि थोडक्या वाटेत अरबी समुद्र गाठायचा, एवढीच या नद्यांची धाव. लोहमार्गाची काळी रेघ मात्र उभी आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे. ती कुठल्याच नदीचा काठ धरून चालत नाही. एक नदी ओलांडते, पुढच्या डोंगरात शिरते, बाहेर पडते ती पुढच्या नदीवर.

डोंगराळ मुलखात रेल्वे सहसा अशी बांधत नाहीत. चढाव सौम्य हवा असतो आणि पाण्याने तो हजारो वर्षे आधीच कापून ठेवलेला असतो, म्हणून रूळ नदीच्या कडेकडेने खोऱ्यात वर चढत जातात. युरोपातल्या ऱ्हाइन नदीला तर दोन्ही काठांनी लोहमार्गाची सोबत आहे. कर्लीच्या खोऱ्यात तसे झाले नाही. रेल्वे इथे खोऱ्याला धरून आली नाही, खोरे आडवे छेदून गेली. तिला यायला इतका उशीर का लागला, तिच्यावर इतका पैसा का ओतावा लागला, दर पावसाळ्यात तिचा जीव का टांगणीला लागतो आणि तिच्यामुळे गावांची तोंडे कशी फिरली, या सगळ्या प्रश्नांची मुळे तिथे पोचतात.

वालावल हे कर्लीच्या काठावरचे, कुडाळ तालुक्यातले गाव. लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ, देवळाला लागून तळे, सभोवती माडांची दाटी, आणि थोडे खाली उतरले की कर्लीचे रुंद पात्र. पैलतीर मालवण तालुक्याचा. देवबागपाशी नदी समुद्राला मिळते ते ठिकाण इथून फार दूर नाही, त्यामुळे पात्राला भरती-ओहोटी कळते. कुडाळ स्टेशन पूर्वेला दहा-बारा किलोमीटरांवर. गावाच्या हद्दीत ना रूळ, ना फाटक. तरी गावाचे नाव कोकण रेल्वेच्या इतिहासात आहे, कारण वालावलकर हे आडनाव इथले, आणि त्या आडनावाच्या एका माणसाने ही रेल्वे होऊ शकते असे लोक हसण्यावारी नेत होते तेव्हापासून लावून धरले होते. त्यांच्याकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

रेल्वे नव्हती तेव्हा या खोऱ्याचा रस्ता म्हणजे नदीच. तांदूळ, नारळ, मीठ, कौले, सगळे होडीने खाडीतून वर-खाली जाई. नदी समुद्राकडे जाते, म्हणून माणसेही तिकडे जात. मुंबईला जायचे तर मालवण किंवा वेंगुर्ले गाठायचे आणि आगबोट धरायची. बोट खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि लाटांवर हेलकावणाऱ्या पडावातून ट्रंका, पोरे, म्हातारी माणसे वर चढवायची. पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद. ज्येष्ठात घरी कोणी आजारी पडले तर मुंबईतल्या मुलाला पत्र मिळायचे, यायला वाट मिळायची नाही. दुसरा मार्ग आंबोली घाट चढून बेळगावला जाण्याचा. तिथे रेल्वे होती. समुद्रकाठच्या माणसाने मुंबईला जाण्यासाठी आधी सह्याद्री चढायचा आणि देशावरून मोठा वळसा घ्यायचा, असा तो प्रकार.

आणि हे सारे अशा प्रांतात, जिथे हिंदुस्थानातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, म्हणजे उत्तर कोकणातच. पण तिला कोकणात थांबायचेच नव्हते. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रूळ वर गेले, कारण कापूस वर होता. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात उतरवणे हे तेव्हाच्या रेल्वेचे मुख्य काम. दक्षिणेला १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून दूधसागरच्या डोंगरातून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज मार्ग बांधला गेला. तोही बंदरातून घाट चढून देशावर जाणारा. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली, मिरजेहून. तीन दिशांनी रेल्वे सह्याद्रीला भिडली आणि तिन्हीकडे तिची नजर पठारावर होती. किनाऱ्याच्या कडेने उभा मार्ग टाकायची गरज कोणालाच वाटली नाही. किनाऱ्याला समुद्र होता, समुद्रावर आगबोट होती, आणि आगबोटीला पूल, बोगदे काही लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा युक्तिवाद वेगळ्या शब्दांत चालू राहिला. कोकणातून वाहून न्यायला आहे काय? आंबा दोन महिन्यांचा, मासळी नाशवंत, भात घरी खायलाच पुरत नाही, कारखाने नाहीत. गिरण्यांसाठी, गोदीसाठी, पोलीस खात्यासाठी आणि घरकामासाठी माणसे मात्र अखंड जात होती. मनिऑर्डर उलट येत होती. माणसांची एवढी मोठी ये-जा असलेला प्रदेश हिशेबात ‘मालवाहतूक नाही’ या एका रकान्यामुळे नापास ठरत होता. मला हा कोकणावरचा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो, कारण मुंबईची गिरणगावे उभी राहिली ती याच माणसांच्या मजुरीवर.

अ. ब. वालावलकर यांचे नाव कोकण रेल्वेचे आद्य प्रवर्तक म्हणून घेतले जाते ते याच टप्प्यावर. रेल्वे तोट्यात जाईल असे म्हणणाऱ्यांना त्यांनी कळवळ्याने उत्तर दिले नाही, हिशेबाने दिले: प्रवासी किती, माल किती, कुठून कुठे, किती भाड्याने. मागणी जेव्हा आकड्यांत मांडली जाते तेव्हाच ती दिल्लीच्या टेबलावर टिकते, हे त्यांना कळले होते. पुढे या मागणीला संसदेत आवाज मिळाला तो बॅरिस्टर नाथ पै यांचा. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत राजापूर मतदारसंघाचे खासदार. त्यांच्यानंतर त्याच जागेवरून प्राध्यापक मधु दंडवते निवडून गेले आणि १९७७ मध्ये जनता सरकारात थेट रेल्वेमंत्री झाले. लोकांना वाटले, आता गाडी आलीच. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली, ही त्यांची देशभरची ओळख. कोकणच्या रुळांना मात्र तेव्हा जेमतेम चालना मिळाली. दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत १९६० च्या दशकात पोचलेली रेल्वे रोह्याला यायला १९८६ साल उजाडले. रोह्यापासून कुडाळ अजून शेकडो किलोमीटर दूर होते.

कोंडी फुटली ती दक्षिणेकडून. १९८४-८५ मध्ये दक्षिण रेल्वेकडे मंगळूर ते मडगाव या पश्चिम किनारा मार्गाच्या सर्वेक्षणाचे काम दिले गेले. १९८६ मध्ये ते रोह्यापर्यंत वाढवले. १९८८ साली अहवाल आला आणि त्यात या मार्गाला ‘कोकण रेल्वे’ हे नाव मिळाले. १९८९ च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंहांचे सरकार आले. त्यात रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, आणि अर्थमंत्री मधु दंडवते राजापूरचे खासदार. याच मार्गावरच्या मुलखांतली दोन माणसे एकाच मंत्रिमंडळात बसली, हा योग शंभर वर्षांत आला नव्हता. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून पैसे सोडत बसले असते तर हा मार्ग कित्येक दशके रखडला असता. म्हणून फर्नांडिस यांनी स्वतंत्र महामंडळाची कल्पना पुढे आणली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोख्यांतून, म्हणजे बाजारातून कर्जाऊ. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली. रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन प्रमुख म्हणून आले. काही महिन्यांत ते सरकार पडले, पण महामंडळ टिकले. १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले, तेव्हा त्यांनी पैशांची वाट मोकळी करून दिलेल्या मार्गाचे काम सुरू झालेले होते.

आता पुन्हा त्या आडव्या रेघांकडे. श्रीधरन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. डोंगराच्या वळणांना मान देत, चढत-उतरत जाणारा स्वस्त मार्ग बांधायचा, नाहीतर सरळ जायचे. त्यांनी सरळ जायचे ठरवले. ताशी १६० किलोमीटर वेगाची क्षमता, चढाव जास्तीत जास्त १५० ला १, वळणाची त्रिज्या किमान १२५० मीटर. वळण इतके मोठे ठेवायचे म्हणजे डोंगर टाळता येत नाही, आणि चढाव इतका कमी ठेवायचा म्हणजे दरीत उतरता येत नाही. मग डोंगर पोखरायचा आणि दरीवर पूल घालायचा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरांच्या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आणि लहान-मोठे सुमारे २००० पूल आले ते असे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. तिथूनच जवळ पानवल नदीवरचा पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच.

पानवलच्या पुलाचे बांधकाम सांगण्यासारखे आहे. एवढ्या उंचीवर खालून आधार देऊन वरचा भाग ओतणे शक्य नव्हते. म्हणून दरीच्या एका काठावर काँक्रीटच्या पोकळ तुळईचा एक तुकडा ओतायचा, तो सुकला की जॅक लावून पुढे ढकलायचा, त्याच्या मागे पुढचा तुकडा ओतायचा, आणि सगळे मिळून पुन्हा ढकलायचे. तुळई इंचाइंचाने दरीवर सरकत एकेका खांबावर टेकत पलीकडे पोचली. भारतात ही पद्धत या पुलासाठी पहिल्यांदा वापरली गेली. आज गाडी त्यावरून काही सेकंदांत जाते आणि बहुतेक प्रवाशांना खाली किती खोल आहे ते दिसतही नाही.

कातळाने मात्र त्रास कमीच दिला. खरा त्रास मऊ मातीने दिला. कोकणात वर जांभा असतो, कोरडा आणि टणक. घरे त्याच्याच चिऱ्यांची. पण कित्येक ठिकाणी जांभ्याच्या खाली पाण्याने भिजलेली मऊ माती असते. तिला आधार काढून घेतला की ती बसते, आणि पाणी लागले की वाहू लागते. असे मऊ मातीतले नऊ बोगदे या मार्गावर होते. त्यातला गोव्यातला पेडण्याचा दीड किलोमीटरांचा बोगदा सगळ्यांचा काळ ठरला. पुढे खणावे तर मागे ढासळावे, असे वर्षानुवर्षे चालले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा डोंगर फोडून झाला तरी पेडण्याचा दीड किलोमीटर होत नव्हता. संपूर्ण मार्गाच्या बांधणीत ७४ माणसांचा जीव गेला. रत्नागिरी स्टेशनवर त्यांचे श्रमशक्ती स्मारक आहे. गाडी थांबते तेव्हा फलाटावर चहा घेणाऱ्यांनी तिकडे एकदा अवश्य जावे.

जमिनीचे प्रकरणही सोपे नव्हते. सुमारे ४२ हजार खातेदारांकडून जमीन घ्यावी लागली. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर पंधरा नावे, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-तीन वारलेली, एखादे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेले. एका माणसाची सही मिळवायची म्हणजे एका घराण्याचा वंशवृक्ष उलगडायचा. तरीही महाराष्ट्राच्या भागात भूसंपादन बऱ्यापैकी लवकर उरकले, याचे श्रेय गावांना दिले पाहिजे. ज्यांची कलमे, ज्यांचे कुळागर गेले त्यांनी रडतखडत का होईना जागा सोडली, कारण बंदर बंद झाल्यावर घरी पोचता न येण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून मोठे आंदोलन झाले; खाजण शेती आणि जुनी गावे वाचावीत ही त्यांची मागणी होती. त्यात तथ्य होते आणि कामही रेंगाळले.

मार्ग तुकड्यातुकड्यांनी खुला होत गेला. १९९३ मध्ये मंगळूर-उडुपी आणि रोहा-वीर, १९९५ मध्ये खेडपर्यंत, आणि १९९६ संपता संपता खेडपासून सावंतवाडीपर्यंत. कर्लीच्या खोऱ्यातल्या माणसाला मुंबईहून येऊन कुडाळला उतरता येऊ लागले ते तेव्हा. बोरीबंदरच्या पहिल्या गाडीला १४३ वर्षे होऊन गेली होती. पेडण्याचा बोगदा शेवटी पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावरून गाडी गेली. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. देशावरून वळसा घेत २०४१ किलोमीटरांचा असलेला मुंबई-मंगळूर प्रवास ९१४ किलोमीटरांवर आला.

या खोऱ्यात त्याने काय बदलले? रेल्वे खोऱ्याला आडवी छेदून जाते तेव्हा खोऱ्याला एकच बिंदू मिळतो, स्टेशन. कर्लीच्या खोऱ्याला तो कुडाळात मिळाला. पूर्वी नदी जिथे संपते तिथे बाजार होता, आता रूळ जिथे नदीच्या वाटेला छेदतात तिथे बाजार आहे. मालवण आणि वेंगुर्ले ही समुद्राकडे तोंड करून बसलेली जुनी गावे. एकाच्याही उंबऱ्यावर स्टेशन नाही. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी रुळांच्या कडेला आली आणि फुगली. हे सगळे एकट्या रेल्वेने केले असे म्हणणे चुकीचे होईल. मुंबई-गोवा महामार्ग आधीपासून याच पट्ट्यातून जात होता, आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर त्याचे मुख्यालयही किनारा सोडून ओरोसला गेले. पण वळलेली मान पुन्हा समुद्राकडे फिरणार नाही ही खात्री रुळांनी केली. वालावलच्या माणसाला आज गाव सोडायचे तर तो नदीकडे उतरत नाही, नेरूरवरून कुडाळची वाट धरतो. मालवणचा माणूससुद्धा नेरूरपारचा पूल ओलांडून याच स्टेशनावर येतो. पडाव आणि होड्या आता पर्यटकांना फिरवतात.

मालाच्या बाबतीत जुन्या टीकाकारांचे म्हणणे अर्धे खरे ठरले, हे मान्य करावे लागते. इथला आंबा अजूनही मुख्यतः ट्रक आणि टेम्पोने वाशीला जातो. झाडावरून काढलेली पेटी थेट बाजारात उतरायला हवी. कुडाळला चढव, मुंबईत उतरव, पुन्हा टेम्पोत भर, एवढी हाताळणी हापूसला सोसत नाही. रेल्वेवरून जाणारा बराचसा माल कोकण नुसता ओलांडतो. महामंडळाने त्यावरही एक चांगली युक्ती काढली: १९९९ पासून भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेणारी रो-रो सेवा. ट्रकवाल्याचे डिझेल वाचले, महामार्गाचा भार हलका झाला. ट्रक कोकणातून जातो, पण कोकणातला नसतो, एवढेच. शीतगृह आणि बंद डब्यांची सोय कुडाळ-कणकवलीत वेळेवर उभी राहिली असती तर मासळी आणि काजूची गोष्ट वेगळी झाली असती, असे माझे ठाम मत आहे.

आणि पाऊस. उभा मार्ग डोंगराच्या उतारांना छेदतो, म्हणजे शेकडो ठिकाणी रुळांच्या बाजूला कापलेल्या डोंगराची भिंत उभी असते. वर जांभा, मधे माती, वरून चार महिने धो धो पाणी. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडच्या बाजूला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांना धडकून पुलावरून खाली गेली. सुट्टी संपवून परतणारी घरेच्या घरे या गाड्यांत होती. त्यानंतर भिंतींचे उतार कमी केले, जाळ्या बांधल्या, आणि पावसाळी वेळापत्रक अधिक कडक झाले. जूनपासून गाड्या मुद्दाम सावकाश धावतात. प्रवासी कुरकुरतात, पण हा उशीर या मार्गाने जिवांची किंमत मोजून शिकलेला आहे. रात्रभर गँगमन ठरलेल्या टप्प्यांवर चालत असतात. खांद्यावर पाण्याने जड झालेला रेनकोट, हातात बॅटरी आणि लाल झेंडी, पिशवीत रुळांवर ठेवायचे आवाजी फटाके. दरड दिसली तर गाडीच्या दिशेने धावत जायचे आणि फटाके लावायचे, म्हणजे चाक त्यांवरून जाताच चालकाला इशारा मिळतो. इतकी यंत्रणा आली तरी पावसाळ्यातल्या गाडीची सुरक्षा शेवटी त्या एका माणसाच्या डोळ्यांवर आहे. पेडण्याच्या बोगद्यानेही अजून पिच्छा सोडलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत ढासळली आणि गाड्या कित्येक दिवस मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्यात पाणी आणि चिखल भरला.

कर्ज काढून बांधलेल्या रेल्वेचे ओझे प्रवाशावरही आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसते. कोकण रेल्वेच्या भागात तिकिटासाठी अंतर प्रत्यक्षापेक्षा ४० टक्क्यांनी वाढवून धरले जाते: शंभर किलोमीटर गेलात तर भाडे एकशे चाळीसचे. डोंगर पोखरायचा खर्च असा आजही गणपतीला घरी जाणाऱ्याच्या खिशातून वसूल होतो. मार्ग एकेरी असल्याने गाड्या वाढवायलाही मर्यादा पडते. रोहा ते वीर एवढे ४७ किलोमीटर २०२१ मध्ये दुहेरी झाले, २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. पण वीरच्या पुढे समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी बाजूला घेऊन थांबवणे अजून चालूच आहे. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. दुहेरीकरणाला लागणारा पैसा महामंडळाला स्वतःच्या बळावर उभा करता येत नाही, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

एक आडवी रेघ मात्र काढायची राहून गेली आहे. २०१६-१७ च्या रेल्वे अंदाजपत्रकात, मूळचे सिंधुदुर्गाचे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, वैभववाडी ते कोल्हापूर असा सुमारे १०७ किलोमीटरांचा मार्ग मंजूर झाला. हा मार्ग नदीच्या दिशेने जाणारा, समुद्राकडून देशावर चढणारा; १८९१ मध्ये कोल्हापूरला थबकलेली रेल्वे त्याने खाली कोकणात उतरेल. तो झाला तर कुडाळच्या मासळीला आणि काजूला पठारावरचे बाजार जवळ येतील, आणि घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला तरी वाट उरेल. मंजुरीला वर्षे उलटली आहेत. रूळ अजून पडलेले नाहीत, आणि ही मागणी आता मुंबई-दिल्लीवर न सोडता खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींनी, बागायतदारांनी आणि मच्छीमार संस्थांनी वालावलकरांच्या रीतीने, माल आणि माणसांचे आकडे पुढे ठेवून, दरवर्षी लावून धरायला हवी.